पान एक्केचाळीस

माळीवाडा, नगर
शुक्रवार, ता. १५ फेब्रुवारी १९४६

प्रिय रवी,

तुझं कार्ड येऊन आज नऊ दिवस झाले. इतके दिवस उत्तर नाही, तेव्हा तू मनाशी काय धरून बसला असशील ते मला इथून दिसतंय. तू सांगितलेलं काम या सत्तारने केलं, वही बंबात गेली, आता बिचाऱ्याला काय लिहावं ते सुचत नसेल. तसं झालेलं नाही. वही आहे. हमिदाच्या पत्र्याच्या पेटीत, तिच्या लग्नातल्या ओढणीखाली आहे. दोनदा मी ती बाहेर काढली, एकदा तर बंबापर्यंत नेली, आणि का नेली ते पुढे सांगणार आहे. तू हे पत्र मध्येच टाकून देऊ नकोस. राग आला तरी टाकू नकोस. शेवटपर्यंत वाच आणि मग माझं काय करायचं ते कर.

कार्ड मला पाठ झालंय. "मासिकात आलं आहे ते तू वाचलंच असशील. टीकाकार म्हणतात ते खरं आहे. मी लेखक नव्हे. दुसरी वही तुझ्याकडे आहे ती तूच जाळ, माझ्या हातून ते होणार नाही." बारा वर्षांचं काम तू चार ओळींत संपवलंस. पहाटे उठून शाळा भरायच्या आत तासभर लिहायचं, मग दिवसभर चार इयत्तांना एकट्याने सांभाळायचं, असं करत तू 'माझी एकशिक्षकी शाळा' पुरी केलीस, आणि तिच्या पाठोपाठ ही दुसरी वहीही भरत आणलीस. ते सगळं एका परक्या माणसाच्या दीड पानापायी बंबात? नेहमीसारख्या मी तुला चार शिव्या हासडल्या असत्या. पण कार्डाच्या कडेला, जागा संपल्यावर, तू उभ्या अक्षरांत आणखी एक ओळ लिहिली आहेस. "ती वाक्यं मी कधी लिहिली ते आठवत नाही, पण छापली आहेत म्हणजे लिहिलीच असणार." ती ओळ वाचल्यापासून मला घास गोड लागलेला नाही.

आज छापखाना बंद. नमाज पढून आलो, मालक गनीभाईंकडून सकाळीच किल्ली घेतली होती, आणि शाई-रॉकेलच्या वासात एकटा बसून हे लिहितो आहे. सध्या निवडणुकीच्या पत्रकांनी आमचा जीव घेतलाय. सकाळी एका उमेदवाराची आरती जुळवायची, दुपारी तेच अक्षरांचे खिळे मोडून त्याच्या विरोधकाची. खिळ्यांना लाज नसते म्हणून बरं. लढाई संपली तरी कागद अजून परवान्यावरच मिळतो. हमिदाचा खोकला आहे तसाच आहे. जहिरा चौथीत गेली. तुझ्या पुस्तकातलं छबूबाईचं प्रकरण तिला इतकं आवडलंय की संध्याकाळी आईला ते पुन्हा पुन्हा वाचून दाखवते. ती वाचायला बसली की मी चपला घालून बाहेर पडतो. हमिदाला वाटायचं मला कंटाळा येतो.

आमच्या घरात लिहिणं नव्हतंच कधी, हे तुला ठाऊक आहे. अब्बा भिंगारच्या छावणीत घोड्यांना नाल ठोकायचे. तुमच्याकडे आजोबांपासून सगळे मास्तर, नाही तर कचेरीत कारकून. तरी तुझे वडील मला ओसरीवर तुझ्या शेजारी बसवून घ्यायचे आणि दोघांनाही एकच शुद्धलेखन घालायचे. आपण हस्तलिखित मासिक काढलं ते त्याच ओसरीवर. मजकूर बहुतेक तुझा, आणि तो सुवाच्य उतरवून काढायचं काम माझं. अंक हातात घेणारा प्रत्येक जण म्हणायचा, सत्तारचं अक्षर काय सुरेख आहे! माझ्या दोन गोष्टी होत्या त्यात. त्यांच्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. तूसुद्धा नाही. तू "छान आहे" म्हणालास आणि लगेच विचारलंस की मुखपृष्ठावर चित्र कुणाकडून काढून घ्यायचं. इतक्या वर्षांनी हे उगाळतोय म्हणून हसू नकोस. लिहिणाऱ्या माणसाला जेवण काय होतं ते आठवत नाही, पण कोण काय बोललं नाही ते मरेपर्यंत आठवतं.

मग अब्बांचा हात घोड्याच्या लाथेने निकामी झाला आणि मी शाळा सोडून गनीभाईंच्या छापखान्यात खिळ्यांच्या खणाखणांच्या केसपुढे उभा राहिलो. त्याला वीस वर्षं झाली. लग्नपत्रिका, कीर्तनाच्या जाहिराती, शक्तिवर्धक गोळ्यांची पत्रकं, सरकारी फॉर्म, दुसऱ्यांची वाक्यं एकेक खिळा उचलून जुळवतो आहे. आणि घरी जाऊन स्वतःची लिहितो आहे. तुला माहीत आहे मी लिहितो ते. किती परत आलं ते माहीत नाही. सतरा गोष्टी परत आल्या. सोबत एक छापील चिठोरं येतं, 'साभार परत'. पहिल्या काही वेळा मी रडलो. नंतर नंतर त्या चिठोऱ्यावरचे खिळे झिजलेत का ते बघायला लागलो. पुढे मला एक कारण सापडलं आणि ते मी छातीशी धरलं. सत्तार नावाच्या माणसाने मराठीत गोष्ट लिहिली, तर पुण्यातला संपादक ती उघडून तरी कशाला बघेल? हे मी तुला सांगायचो, हमिदाला सांगायचो, सगळ्यात जास्त स्वतःला सांगायचो. एखाद्या ठिकाणी ते खरंही असेल. तू एकदा म्हणालास, मग नाव बदलून पाठव ना. तर मी महिनाभर तुझ्याशी बोललो नाही. माझा स्वाभिमान दुखावला असं तुला वाटलं आणि तू माझी माफी मागितलीस. कसला स्वाभिमान रवी! मला भीती वाटली होती. नाव बदलूनही गोष्ट परत आली, तर मग मी कुणाकडे बोट दाखवणार? नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, मी तर त्या अंगणाच्याच आधाराने उभा होतो.

गेल्या वर्षी श्रावण आणि रमजान बरोबरच आले होते. त्या दिवसांत तुझं पुस्तक छापायला आलं. तू विषमज्वराने अंथरुणाला खिळलेला, लीनावहिनी एकट्याच सर्व्हिस मोटारीने हस्तलिखित घेऊन आल्या. त्यांचा चेहरा बघून मला भलतीच शंका आली होती. त्यांच्याजवळ तुझी चिठ्ठी होती. "प्रूफं मला पाठवू नकोस, अक्षर डोळ्यांपुढे ठरत नाही. तूच बघ. तू पाहिलंस म्हणजे मी पाहिलं." लिहिणारा माणूस यापेक्षा जास्त विश्वास कुणावर टाकू शकत नाही. मी वहिनींना म्हणालो, काळजी करू नका, काना-मात्रा इकडची तिकडे होणार नाही.

तिसऱ्या प्रकरणापर्यंत झालीही नाही. छबूबाईचं प्रकरण, तुझी शाळा झाडणारी, पन्नाशी उलटलेली बाई नाव लिहायला शिकते ते. जुळवून बघितलं तर शेवटच्या चार ओळी नव्या पानावर गेल्या होत्या, पान एक्केचाळीसवर, आणि खाली सगळं पांढरं. गनीभाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "सत्तार, चार ओळींपायी अख्खं पान? आजकाल कागद म्हंजी सोनं हाय, म्हाईत न्हाई व्हय तुला? एक तर मागच्या पानात घे, न्हाई तर खाली कायतरी बसव, डोळ्याला बरं दिसंल असं." कायतरी म्हणजे ठसा. आमच्याकडे वेलीचे, फुलांचे, मोराचे लाकडी ठसे असतात, रिकाम्या जागी बसवायला. मी मोर हातात घेतलाही होता. मग पानावर तुझं शेवटचं वाक्य वाचलं. "नाव लिहून झाल्यावर छबूबाईने पाटी भिंतीला टेकवून ठेवली आणि दोन्ही हात पदराला पुसले." संपलं प्रकरण! मला वाटलं, हा काय शेवट झाला? उभ्या जन्मात बाई पहिल्यांदा आपलं नाव लिहिते आणि हा गडी तिला हात पुसायला लावून गप्प बसतो. तिच्या मनात काय झालं ते कोण सांगणार?

मोर खाली ठेवला आणि ते मी सांगितलं. कागदावर काही लिहिलं नाही. डाव्या हातात खिळे ओळीत धरायची स्टिक, उजव्या हाताने केसमधून एकेक खिळा उचलायचा आणि डोक्यातलं वाक्य सरळ शिशात उतरवायचं. असं मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. शब्द पुरा झाला की त्याचं वजन हाताला कळतं. खोडायची सोय नाही, म्हणून शंकाही येत नाही. दुपारची वेळ, रोजा चालू, पोटात काही नाही, आणि मी एखाद्या सरदारासारखा उभा राहून पंधरा ओळी जुळवल्या. छबूबाईच्या नेत्रांत ज्ञानगंगेचा उगम झाला, युगायुगांचा काळोख त्या एका अक्षराच्या तेजाने उजळला, आणि पुढेही असंच. तेव्हा ते मला इतकं सुंदर वाटलं की अंगावर काटा आला. आज हे तुला लिहिताना मान वर करवत नाही.

एक पान भरायची गरज होती, ती भागली. पुढच्या पानांना काही गरज नव्हती. पण माझ्या हाताला चटक लागली होती. पान सत्याऐंशीवर सात ओळी, एकशे तेरावर एक अख्खा परिच्छेद, आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तर मी हात धुऊन घेतले. तू कोरडं लिहितोस, मी त्याला ओलावा देतो आहे, मित्राचं भलंच करतो आहे, अशी माझी समजूत. पायाने यंत्र मारणारा आमचा मच्छिंद्र तुझ्या शेजारच्या गावचा, तुला जत्रेत बोलताना ऐकलेला. जेमतेम तिसरी शिकलाय, पण छापलेले फर्मे वाळत घालताना अक्षर लावून वाचत असतो. त्याने विचारलं, "सत्तारभाई, हे मास्तरांनी लिवलंय व्हय? मास्तर तर आसं बोलत न्हाईत." मी म्हणालो, बोलणं वेगळं आणि लिहिणं वेगळं, तू आपलं यंत्र मार. गाढवाला गुळाची चव काय, असं मनातही म्हटलं. तो यंत्राकडे वळला.

पौषात मासिक आलं. मी वाचनालयात उभ्यानेच वाचायला घेतलं. सुरुवातीला सगळी स्तुतीच होती. या माणसाला सांगण्यासारखं आहे आणि ते तो आवाज न चढवता सांगतो, वगैरे. दुष्काळाच्या प्रकरणातलं एक वाक्य मुद्दाम उतरवलं होतं. "त्या वर्षी शाळेत येणाऱ्यांपेक्षा शाळेवरून जाणारे जास्त होते." त्यावर टीकाकार म्हणतात, हे एक वाक्य लिहिणाऱ्याला मी लेखक म्हणेन, मग त्याने आयुष्यात दुसरं काही लिहिलं नाही तरी चालेल. रवी, ते वाक्य माझं होतं. मला ठाम आठवत होतं. ते जुळवताना 'ळ' संपला होता आणि मी उठून पलीकडच्या केसमधून आणला होता, इतकं लख्ख आठवत होतं. पुढचं काही वाचलंच नाही. मासिक जागेवर ठेवलं आणि रस्त्यावर आलो.

ते दोन दिवस मी कसे काढले ते कुणाला सांगितलेलं नाही. पाय जमिनीला लागत नव्हते. कापडबाजारातून जिलबी आणली, हमिदा विचारत राहिली की आज काय आहे, मी म्हटलं काही नाही, खा. किल्ल्यापर्यंत एकटाच चालत गेलो आणि परत आलो. वीस वर्षांनी एका परक्या माणसाने, माझं नाव, गाव, धर्म काही न बघता, नुसत्या वाक्यावरून मला ओळखलं होतं. अठराव्या गोष्टीची सुरुवात मनात तयार होती. तुझा जरासुद्धा विचार आला नाही, हेही लिहून ठेवतो.

तिसऱ्या दिवशी कपाटातून तुझं हस्तलिखित काढलं. ते वाक्य तिथे नाही हे डोळ्यांनी बघायचं सुख हवं होतं. ते तिथे होतं. तुझ्या अक्षरात, सरळ, एकही खाडाखोड नाही, आणि शेजारी माझ्या शाईच्या बोटाचा डाग. मी ते फक्त जुळवलं होतं. आमच्या धंद्यात बोटं अशी फसवतात, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. आवडलेलं वाक्य खिळा खिळा करून हातातून गेलेलं असतं, आणि काही महिन्यांनी हाताला वाटतं ते आपल्यातूनच निघालं. सुईणीने बाळंतिणीचं लेकरू आपलं म्हणून घरी न्यावं, तसं झालं माझं.

मग परत वाचनालयात गेलो आणि उरलेलं वाचलं. तू ते वाचलंच आहेस, तरी लिहितो. "मात्र मधूनच या लेखकाला काय होते ते कळत नाही. त्याचा सूर एकाएकी खोटा लागतो." खाली चार उतारे. पान एक्केचाळीस, पान सत्याऐंशी, पान एकशे तेरा आणि शेवटचं पान. एकशे साठ पानांच्या पुस्तकातून त्या माणसाने तांदळातले खडे वेचावेत तसे ते वेचले. एक्केचाळीसबद्दल म्हटलंय, "छबूबाईने हात पुसले तिथेच लेखक थांबला असता तर फार बरे झाले असते." तुला आता समजलं असेल. त्या चार उताऱ्यांत तुझा एक शब्द नाही. चारही माझे आहेत. मी पुस्तकात चारच जागी हात घातला होता आणि चारही जागा त्याने ओळखल्या.

आता मला सांग, मी कुठलं अंगण वाकडं म्हणू? माझं नाव तिथे नव्हतं. तुझ्या नावाच्या आडोशाला, तुझ्या चांगल्या पानांच्या मध्ये, इतकी उसनी अब्रू घेऊनही माझी वाक्यं उघडी पडली. घरी आल्यावर मी माझ्या सतराच्या सतरा गोष्टी काढून वाचल्या. प्रत्येकीत तोच सूर आहे रवी. एकदा ऐकू आला की थांबतच नाही. संपादकांनी माझ्यावर अन्याय केला असं मी वीस वर्षं मानत आलो, त्याच एका गोष्टीवर मी तग धरून होतो, आणि आता तीही नाही. लिहावं म्हटलं तर पहिल्या ओळीलाच टाक खाली ठेवतो. लिहू नये म्हटलं तर सकाळी उठायचं कशासाठी ते कळत नाही. परवा एका लग्नपत्रिकेत वराचं नाव वधूच्या जागी बसवलं. वीस वर्षांत माझ्या हातून अशी चूक झाली नव्हती. गनीभाईंनी ती पत्रिका माझ्यापुढे धरली, आणि मला वाटलं जमीन दुभंगून आत घेईल तर बरं.

तशात तुझं कार्ड आलं. बंबाचं सांगतो म्हणालो होतो ना? कार्ड वाचून मला आधी काय वाटलं माहीत आहे? बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. आता तूही लेखक नाहीस, आपण दोघं पुन्हा एका ओसरीवर आलो, असं वाटलं. मग तुझी दुसरी वही उघडून दहा-बारा पानं वाचली. ती पहिल्या पुस्तकापेक्षा चांगली आहेत. ती वाचली आणि मी वही घेऊन उठलो. हो, चांगली आहेत म्हणूनच उठलो. तूच सांगितलं होतंस, मला कुणी दोष दिला नसता. हमिदा बंबातलं पाणी काढत होती. तिने वही बघितली, माझं तोंड बघितलं आणि विचारलं काय आहे ते. मी तिथेच उभ्याने तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. तिने ऐकून घेतलं आणि वही माझ्या हातातून ओढून घेतली. म्हणाली, "लोकाच्या ताटात आपलं उष्टं कालवलं, आन् आता ताटच चुलीत घालता व्हय?" वही तिने पुन्हा आपल्या पेटीत ओढणीखाली ठेवली. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, की मास्तरांना सांगितल्याशिवाय तुमच्या घशाखाली अन्न उतरायचं नाही, आणि माझ्याही.

अजून एक राहिलं. तेच सगळ्यात वाईट, म्हणून मागे ठेवलं. दिवाळीत तू पुस्तक बघायला आलास. ताप उतरला होता, पण सदरा अंगावर लोंबत होता. पुस्तकाचा वास घेतलास, चाळलंस, आणि एक्केचाळीस पानावर थांबलास. दोनदा वाचलंस. "हे मी लिहिलं होतं का रे?" तू विचारलंस. अगदी साधेपणाने विचारलंस. मच्छिंद्र यंत्राशी उभा राहून माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "तूच. तापात विसरला असशील." तू कपाळावर हात मारून हसलास, म्हणालास, डोकं पार धुऊन निघालंय माझं. मग पिशवीतून ही दुसरी वही काढून माझ्या हातात दिलीस. तुझ्या डोक्याला काही झालेलं नाही रवी. तुला ती वाक्यं आठवत नाहीत, कारण ती तू लिहिलीच नाहीस. तू स्वतःला खोटा म्हणवून घेतो आहेस, आपल्याच आठवणीवर तुझा भरवसा उरलेला नाही, तो माझ्या त्या एका शब्दामुळे. माझी वाक्यं वाईट आहेत हे मी एक वेळ सोसेन. हे मला सोसत नाही.

आज सकाळी गनीभाईंकडे गेलो ते हे सगळं सांगायला. त्यांनी किल्ली काढून माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाले, "माझ्या छापखान्यातनं आसं कधी झालं नव्हतं. किल्ली घे, कागद मी देतो, जे बिघडवलं ते नीट कर. पन सोमवारपासून मी दुसरा मानूस बघतो." त्यांचं काही चुकलं नाही. मच्छिंद्र उद्या गावी निघालाय, त्याच्याबरोबर तुझी वही आणि हे पत्र पाठवतो. वही जाळायची असेल तर आता ती तुझ्या हाताने जाळावी लागेल, आणि जाळण्याआधी तुला माहीत असेल की तू काय जाळतो आहेस. पत्रात एक चिठोरं घडी करून ठेवलंय. त्याच्यासाठीच हे सगळं लिहिलं. ते शुद्धिपत्र आहे, आज दुपारी जुळवून त्याचं प्रूफ काढलं. "पान ४१, ओळ ५ ते १९, पान ८७, ओळ १० ते १६, पान ११३, दुसरा परिच्छेद, पान १६०, शेवटच्या अकरा ओळी. हा मजकूर लेखकाचा नाही. लेखक आजारी असताना त्याच्या नकळत मी तो घातला, आणि त्याने विचारले तेव्हा खोटे बोललो. वाचकांनी तो गाळून पुस्तक वाचावे. सत्तार नालबंद, खिळे जुळवणारा." तीनशे दहा प्रती मागच्या खोलीत पडून आहेत. तू हो म्हणालास तर प्रत्येक प्रतीत हे माझ्या हाताने चिकटवीन आणि एक मासिकाच्या त्या टीकाकारांना पाठवीन. इतक्या वर्षांत मी हजारो लोकांची नावं जुळवली, स्वतःचं आजवर कधी जुळवलं नव्हतं. शिशात अक्षरं उलटी दिसतात, तरी सवयीने ती वाचता येतात. आज मात्र क्षणभर वाटलं, हे कुणाचं नाव आहे? चिठोरं मी तीनदा वाचलं. त्यात काही घालावंसं वाटलं नाही. तू एकदा वाच, आणि तुला जमलं तर, रागातच लिहिलंस तरी चालेल, मला एवढंच कळव, की सूर खरा लागलाय का.

तुझाच, तू म्हणू देशील तर,
सत्तार